कान दिसत नाही, पुन्हा प्रयत्न करा

नव्या फोनबद्दल माझं मत विचारू नका, असं मी हल्ली सांगतो. पूर्वी न विचारता द्यायचो. राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवतो, पण स्टाफरूममध्ये माझी ओळख गणितापेक्षा फोनवरून जास्त. कुणाला फोन घ्यायचा असला की "सरांना विचारा." मग मी सांगायचो, कॅमेरा कसा आहे, बॅटरी किती टिकते, कुठला घेतलास तर फसशील. ऑनलाइन काही मागवलं की त्याचा रिव्ह्यू लिहायची मला खोडच होती. चार्जरच्या वायरवरसुद्धा मी दोन परिच्छेद लिहिलेत. आपल्या मतावाचून लोकांचं अडतं, असं वाटण्याची एक नशा असते. ती मला चांगलीच चढली होती.

मनगटावर घड्याळ आहे, ते पावलं मोजतं. एका जागी उभं राहून फळ्यावर दोन तास समीकरणं सोडवली की संध्याकाळी ते माझं अभिनंदन करतं, कारण हात हलला म्हणजे माणूस चालला, असा त्याचा समज. ते झोपेला गुण देतं. सकाळी मला ताजंतवानं वाटत असलं तरी घड्याळ नापास म्हणालं की मी दिवसभर जांभया देतो. वडील गेले त्या सकाळी, तिरडी बांधायला माणसं जमली असताना, ते मनगटावर थरथरलं आणि म्हणालं की तुमचा ताण नेहमीपेक्षा जास्त आहे, एक मिनिट श्वासाकडे लक्ष द्या. ते घड्याळ मी तेव्हाच पंचगंगेत टाकायला हवं होतं. टाकलं भलतंच.

त्याचीच ही गोष्ट. वडिलांचा फोटो तालमीच्या भिंतीवर लागायचा होता, ती त्यांची शेवटची इच्छा होती आणि तो लागत नव्हता. त्याला कारण मी आणि माझा फोन.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा पैलवान होते. फार नावाजलेले नव्हेत, जत्रेतल्या कुस्त्या मारणारे. पुढं साखर कारखान्यात नोकरी केली, कसबा बावड्यात दोन खोल्या बांधल्या आणि निवृत्तीनंतरही रोज सकाळी तालमीत जाऊन बसायचे. त्यांच्या अंगावर कुस्तीची एकच खूण शेवटपर्यंत राहिली, ती म्हणजे कान. मातीत घासून, समोरच्याच्या डोक्याला धडकून पैलवानाचा कान सुजतो, आत रक्त साकळतं आणि मग तो तसाच घट्ट होतो. पाळी, पाकळी काही उरत नाही. गाठीगाठींचा एक गोळा राहतो. आबांचे दोन्ही कान असे होते आणि डावा तर पार गेलेला. आमच्या गावात असा कान दिसला की अनोळखी माणूससुद्धा थांबून विचारतो, "पावणं, कुठल्या तालमीचं?" आबांना या प्रश्नासारखं दुसरं काहीही आवडत नसे.

मला मात्र त्या कानांची लाज वाटायची. शाळेच्या पालकसभेला आईनंच यावं असा मी हट्ट धरायचो. सहावीत असताना आबांनी मला तालमीत घातलं. पंधरा दिवस गेलो. सोळाव्या दिवशी कान लालभडक झाला, मी आरशात बघितलं आणि पुन्हा तिकडं फिरकलो नाही. आबांनी एकदाच विचारलं, "का रं?" मी म्हणालो, "अभ्यास हाय." ते "बरं" म्हणाले आणि विषय संपला. माझे कान आजही सरळ आहेत. चष्म्याच्या काड्या छान बसतात.

आबांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हा मी वायरलेस इअरबड घेतले. नवीन मॉडेल होतं, त्यात कमी ऐकणाऱ्यांसाठी खास सोय. फोन आधी तुमच्या कानाचा आकार बघतो, मग त्या कानाला जुळेल असा आवाज देतो, अशी जाहिरात. डॉक्टरकडं नेऊन कानाचं मशीन बसवणं हा सरळ मार्ग होता. पण त्यात मला मत देण्यासारखं काय होतं?

एका रविवारी सकाळी बावड्याला गेलो. आबांना सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, खुर्चीवर बसवलं, फोन त्यांच्या डाव्या कानाशी धरला आणि मान हळूहळू फिरवायला सांगितली. फोन मराठीत बोलत होता, त्याचंही मला कौतुक. तो म्हणाला, "कान दिसत नाही. पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा केला. "कान दिसत नाही. कृपया केस बाजूला करा." आबांच्या डोक्यावर केस नव्हतेच. आई आतून हसली. उजेडात नेलं, खिडकीपाशी नेलं, दारात नेलं. फोनचं एकच पालुपद.

आबांना फोनचं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी ओरडून सांगितलं, "आबा, त्याला कान दिसेना झालाय."

"आंधळं हाय काय ते? त्येला म्हणावं, हायत की. मोजून दोन."

शेवटी ते मोजमाप सोडून दिलं आणि इअरबड तसाच बसवायला गेलो. पैलवानाच्या कानात भोकच नीट उरलेलं नसतं. मी दाबून बसवायचो, आबा "हां, बसलं" म्हणायचे आणि तो टपकन मांडीवर पडायचा. एकदा चहात पडला. मी चिडलो. यंत्रावर चिडायचं सोडून त्यांच्यावर चिडलो, "जरा मान सरळ ठेवा की!" ते बिचारे मान ताठ करून बसले, कुस्तीच्या आधी बसत असतील तसे.

मग मी रिव्ह्यूसाठी फोटो काढायचं ठरवलं. इअरबड अर्धवट कानात अडकवला आणि तो पडायच्या आत एकदम जवळून फोटो घ्यायचा, म्हणजे लोकांना पटेल. आबांनी विचारलं, "फोटू कशाला?"

"कंपनीला दाखवायला."

"कान दावणार?"

"व्हय."

त्यांनी मला थांबवलं. खांद्यावरच्या टॉवेलनं कान पुसला, मागून, पुढून, गाठींच्या खाचांतून. मिशीवरून बोट फिरवलं, जरी मिशी फोटोत येणार नव्हती. मग डावा कान माझ्याकडं करून दाराबाहेरच्या उन्हात ताठ बसले. "घे आता. बगू दे त्येंना बी," म्हणाले. मी फोटो घेतला. पुढं दोन-तीनदा त्यांनी विचारलं, "काय म्हणाली रं कंपनी?" मी सांगितलं, इअरबड परत घेऊन गेले. त्यांना वाटलं असावं की आपल्या कानापुढं यंत्र हरलं. ते बरेच दिवस खूश होते.

त्यानंतर वर्षभरानं आबा गेले. दवाखान्यात असताना वस्ताद भेटायला आले होते. वस्ताद म्हणजे तालमीचे प्रमुख, आबांच्या वयाचे, दोघं एकाच मातीत वाढलेले. त्यांना आबा म्हणाले, "माझा फोटू लाव तालमीत. दाराकडं नगं, आत, हौद्याकडं तोंड करून." हौदा म्हणजे कुस्तीच्या मातीची जागा. वस्ताद म्हणाले, "लावतो." या बोलण्याला मी साक्षी होतो, आई होती. आबांनी आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

महापुरात आमच्या घरात गळ्याएवढं पाणी आलं होतं आणि त्यात सगळे अल्बम गेले. एकच फोटो वाचला, कारण तो उंचावर टांगलेला होता आणि पाणी त्याच्या खालच्या कडेपर्यंतच चढलं. गगनबावड्याकडच्या एका जत्रेत कुस्ती मारल्यावर कुणीतरी काढलेला. आबा पंचविशीतले, कुस्तीची लांग लावलेले, अंगाला माती, मान जराशी वळलेली. खालून ओल चढून फोटोत छातीपर्यंत तपकिरी डाग पडला होता आणि भिंतीवरून काढताना काचेला तडा गेला होता.

दहाव्याला फोटो हवा, म्हणून मी त्या फोटोचा फोटो काढला आणि फोनमधलं ते बटण दाबलं. जुना फोटो नवा करा. चार-पाच सेकंद गोल फिरलं आणि डाग गेला. ओरखडे गेले. आबांच्या अंगाला रंग आला, मागं निळं आभाळ आलं. मला रडूच कोसळलं. मी डोळे मोठे करून बघितले, छाती बघितली, हसू बघितलं. कान बघितले नाहीत. फोननं विचारलं, मूळ फोटोच्या जागी ठेवू की वेगळी प्रत करू? जागा कमी होती, मी मूळ फोटोच्या जागी म्हटलं. जो तो फोटोची तारीफ करत होता आणि त्या दिवशीही मी चार जणांना ते बटण कुठं असतं ते दाखवलं. बापाच्या दहाव्याला.

तडा गेलेली तसबीर घरात ठेवत नाहीत. भाऊबंदांतल्या एका काकूनं आठवण केली, "खंडित फोटू ठेवू नका, पाण्यात सोडा." गणपतीची, देवीची जुनी तसबीर सोडतात तशीच. कुणीही म्हणालं असतं की निदान काच काढून कागद ठेवून द्या. मी नाही म्हणालो. माझ्याकडं त्याहून चांगला फोटो होता ना! घाटावर उतरलो आणि माझ्या हातानं तो पंचगंगेत सोडला. फ्रेम जरा वेळ तरंगली.

नव्या मोठ्या फोटोला आम्ही चंदनाचा हार घातला. हार दोन्ही बाजूंनी कानांवरून खाली यायचा. आई रोज संध्याकाळी त्यापुढं निरांजन लावायची.

तीन महिन्यांनी वस्ताद फोटो न्यायला आले. त्यांनी हार उतरवला, खांद्यावरच्या टॉवेलनं काच पुसली आणि पुसता पुसता थांबले. फोटो दारात उजेडाला नेला.

"मास्तर, ह्यो कोण?"

मी म्हणालो, "कोण म्हणजे? आबा."

"आबासंगं मीच गेलतो की त्या जत्रंला. त्येच्या आदीच डावा कान गेलता त्येचा. ह्यो बग."

मी बघितलं. दोन सरळ, स्वच्छ कान. पाळ्या, पाकळ्या, सगळं जागच्या जागी. फोनला तिथं काहीतरी मोडलेलं दिसलं आणि त्यानं ते दुरुस्त करून टाकलं होतं. वस्तादांनी एकदा फोटोकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"ह्ये कान तुझं हायत."

माझा हात नकळत कानाकडं गेला. खरंच, कुस्ती न खेळलेल्या माणसाचे ते कान. वस्ताद फोटो खुर्चीवर ठेवून म्हणाले, "राग मानू नगंस. पर ह्यो मी लावत न्हाई. त्या भिंतीवर अजून खोटं काय लागलं न्हाई." ते चहा न घेता गेले.

आई आतल्या दारात उभी होती. तिनं फोटो उचलला, उलटा करून भिंतीला टेकवला आणि मला विचारलं, "तीन म्हैनं मी कुणाला वात लावली रं?"

त्या संध्याकाळी निरांजन लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिला मोकळ्या भिंतीपुढं दिवा लावायचा नव्हता आणि त्या सरळ कानांच्या माणसापुढंही नाही.

मी शोधाशोध केली. फोनच्या कचरापेटीत मूळ फोटो राहतो म्हणतात, पण ती महिन्यानं आपोआप रिकामी होते. शेवटच्या दहा वर्षांत मी आबांचे कितीतरी फोटो काढले होते, सगळे पोर्ट्रेट मोडमध्ये. त्या मोडला मी स्वतः पाच चांदण्या दिलेल्या. चेहरा लख्ख ठेवायचा आणि मागचं सगळं धूसर करायचं, हे त्याचं काम. आबांचे कान त्याला चेहऱ्यातले वाटलेच नाहीत. प्रत्येक फोटोत ते गालापाशी सुरू होतात आणि मागच्या भिंतीत विरघळून जातात. नातेवाइकांकडं विचारलं. लग्नांत फेटा, थंडीत मफलर. तालमीच्या जुन्या समूहफोटोत आबांचा चेहरा हरभऱ्याएवढा. जो माणूस आयुष्यभर कान मिरवत फिरला, त्याचा कान कुणाकडंच नव्हता. आणि माझ्या हातातल्या फोनला तीन तीन कॅमेरे.

रिव्ह्यूची आठवण मला वर्गात झाली, फळ्याकडं तोंड असताना. खडू ठेवला आणि बाहेर आलो. माझ्या फोनमधून तो फोटो मी केव्हाच काढून टाकला होता, पण शॉपिंगच्या ॲपवर माझे जुने रिव्ह्यू होते. वायरी, कव्हरं, घड्याळाचे पट्टे, असं खाली खाली जात राहिलो. आणि तो आला. उन्हातला डावा कान, अगदी जवळून. गाठी, खाचा, एक पांढरा केस आणि मधोमध लटकणारा पांढरा इअरबड. फोटोत चेहरा नव्हता म्हणून फोनला तो माणूस आहे हेच कळलं नसणार. त्यामुळं त्यानं काही सुधारलं नाही.

फोटोखाली माझे शब्द होते. एक चांदणी आणि त्यापुढं, "कान वेडेवाकडे असतील तर अजिबात घेऊ नका. फोटो बघा म्हणजे कळेल." खाली लोकांनी लिहिलं होतं, धन्यवाद, उपयोग झाला. एकानं हसण्याची चित्रं टाकली होती. मी तिथं जिन्यातच बसलो. ज्या कानाला आबांनी टॉवेलनं पुसून उन्हात धरलं होतं, त्याची मी जगापुढं अशी मांडणी केली होती.

फोटो उतरवून घेतला आणि रिव्ह्यू पुसून टाकायला बोट नेलं. पण मग बावड्याला गेलो आणि आधी आईला दाखवला. तिनं फोन हातात घेतला, डोळ्याजवळ नेला. बोटानं काचेवरचा कान चाचपला तर चित्र लहानमोठं व्हायला लागलं, म्हणून हात मागं घेतला.

"खाली काय लिवलंयस?"

मी फोन परत घ्यायला हात पुढं केला.

"वाच की."

मी वाचलं. सगळं, जसंच्या तसं. तिनं फोन माझ्या हातात परत दिला.

"एकच चांदणी दिलीस व्हय?"

"ती यंत्राला दिली आई."

"यंत्राला," ती म्हणाली. "बरं." आबा म्हणायचे अगदी तसंच ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

रिव्ह्यू मी पुसला नाही. पुसायची सोय ही फोनची सगळ्यात मोठी सोय आहे आणि मी ती पुरेशी वापरलीय. त्याखाली दुसऱ्या दिवशी मी एवढंच लिहिलं की हा माझ्या वडिलांचा कान आहे, ते पैलवान होते. ॲपनं ते स्वीकारलं नाही. मजकूर उत्पादनाशी संबंधित नाही, असं उत्तर आलं.

फोटो मोठा करायला राजारामपुरीतल्या एका स्टुडिओत गेलो. तिथल्या माणसानं संगणकावर कान उघडला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "पावणं, ह्ये पांढरं काढून टाकू का? मिन्टात निघतंय. मागचा कान कसा असंल ते त्येलाच कळतंय, भरून काढतंय."

"नको," मी म्हणालो.

"आवो, बरं दिसंल. मयत माणसाच्या फोटूत असलं कशाला?"

"हात लावू नका त्याला." मी इतक्या जोरात ओरडलो की बाहेर झेरॉक्ससाठी उभी असलेली माणसं आत डोकावली. त्या पांढऱ्या तुकड्यामागं काय होतं ते आता कुणालाच माहीत नाही आणि यंत्रानं भरलं तर ते पुन्हा माझेच कान भरणार. त्यानं तसाच छापून दिला.

दोन प्रती केल्या. एक आईच्या भिंतीवर. संध्याकाळी तिनं निरांजन लावलं. दुसरी घेऊन मी तालमीत गेलो. सहावीनंतर पहिल्यांदा. दारात चपला काढल्या, वाकून आत गेलो. तोच ओल्या मातीचा, तेलाचा, हळदीचा वास. भिंतीवर ओळीनं पैलवान, कुणाच्या खांद्यावर गदा, कुणाच्या डोक्याला फेटा. वस्तादांनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग एका हातानं फोटो धरून दुसऱ्या हातानं स्वतःचा कान चाचपला.

"ह्यो आबा," म्हणाले.

त्यांनी स्वतः खिळा मारला. आत, हौद्याकडं तोंड करून. चार पावलं मागं येऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघायला लागले.

"त्या कानात ते पांढरं काय हाय रं?"

"ते माझं हाय," मी म्हणालो.